सातव्या दरवाज्याचा टॉवेल

"…आन सरळ 'आप्पा, या' एवढं लिहायला हात मोडला व्हता का गं तुझा, उर्मे? दोन शब्द. त्याला सात दरवाजे कशाला लागत्यात?"

"कुणावर वरडतोस रं?"

कासमनाना म्हणालं. पीराच्या कट्ट्यावर बसल्यालं, डाव्या डोळ्यावर हिरवी झडप. परवाच मोतीबिंदू काढल्याला.

"पोरीवर."

"कुठाय पोरगी?"

"पुण्यात."

"हितनं ऐकू जातंय व्हय तिला?"

हातातला मोबाईल कट्ट्यावर आपटावा असं वाटत व्हतं. पर आपटला की परत मलाच घ्यायला लागंल.

शुक्रवारचा बाजार उठला व्हता. दुपार झाल्याली. मैदानात शेण, चिपाडं आन चार-दोन कुत्री. एवढंच राहिलं व्हतं.

कासमनाना माझं गुरू. बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. दोन दलाल हातात हात घेत्यात, वर टॉवेल टाकत्यात, आन आत बोटं बोलत्यात. भवतीनं शंभर माणूस उभं असलं तरी कुणाला घंटा कळत न्हाई. ती बोली नानांनी मला तीस वर्सामागं शिकवली. आज तीन बाजारांत माझ्यासारखी बोटं कुणाची न्हाईत. असं लोक म्हणत्यात. मीबी म्हणतो.

"काय केलं पोरीनं?"

"गेम धाडलीया."

"म्हंजे?"

"मोबाईलवरचा खेळ वो. तिनंच बनवलाय, ती तसल्याच हापिसात हाय. एक बाप्या असतो. त्याची कालवड हरवल्याली. ती हुडकत त्यो किल्ल्यात शिरतो. दारोदारी कुणीतरी चिठ्ठी लिवून ठेवलीया. पर सरळ न्हाई! अक्षरं उलटीपालटी. ती लावून दाखवायची, मंग दार उघडतंय."

"बाप्या कसा दिसतो?"

"…माझ्यावानी."

"मिश्या?"

"हायत."

"चालतो कसा?"

"त्याच्या चालीशी काय करायचंय तुमाला?"

"पाय आपटत चालत असंल."

चालतोच तसा त्यो.

नानांनी डोळ्याखालचं पाणी उपरण्यानं टिपलं. डाक्टरनं त्यांना वाकू नको, डोस्क्यावरनं पाणी घेऊ नको, मोबाईल तर बघूच नको असं बजावल्यालं. दुसरा डोळा आधीच अधू. मी मोबाईल म्होरं धरला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"तोंडानं सांग. किती उघडलंस?"

"सहा."

"तू?"

"मीच."

नाना नुसतं बसून राहिलं. ह्यांची ही खोड जुनी हाय. गप बसत्यात आन समोरच्याला बोलायला लावत्यात. जनावराची खोड काढून घेताना असंच करत्यात.

"म्हंजे पयल्याचं न्हाव्यानं लावलं," मी म्हणलं. "सगळी अक्षरं उलटी व्हती. त्यानं आरशात धरलं, झालं. त्यात काय एवढं."

"हं."

"दुसऱ्याला शाळेतल्या बाई लागल्या. तिथं एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर. बाईंनी पाटीवर तक्ता काढला. चौथीपातूर शिकल्याला माणूस मी, मला तक्ता दाखवत्यात! तिसऱ्याला यष्टीचा कंडक्टर. त्यो पेपरातली कोडी सोडवतो. गाडी दहा मिंट थांबवून धरली मी. आतली माणसं वरडाय लागली, त्यांच्यावर मी वरडलो."

"चौथा?"

"चौथा माझा मी!" मी मांडीवर थाप मारली. "बैलांची तोंडं काढल्याली. निस्ती उघडी तोंडं, वळीनं. बाई बघून दमल्या, कंडक्टर दमला. मी बघितलं आन म्हणलं, हे दोनदाती, हे सहादाती, हे चारदाती. दोन, सहा, चार. आकडं टाकलं की दार खाडकन उघाडलं."

"एका दमात?"

"डोळं झाकून!"

"मंग ही चिठ्ठी कुणासाठी लिवली व्हती?"

"आँ?"

"काय न्हाई. म्होरं बोल."

म्होरं काय बोलायचं? पाचवा आन सहावा परत बाईंनीच लावला. प्रत्येक दाराआड एक शब्द. आठ दिस झालं, सहा शब्द हातात आलं.

"कोणतं?"

"सोमवारी. अकरा. वाजता. माझं. लग्न. हाय."

नानांचा डोळा टिपता हात थांबला.

"लगीन?"

"व्हय."

"आज शुक्करवार."

"मला म्हाईत न्हाई व्हय? मुलगा तिच्याच हापिसातला हाय म्हणं. आन कुठं लगीन हाय, ते त्या सातव्याच्या आड! लग्नाची पत्रिका अशी असती व्हय, नाना? हळदकुंकू लावून कागूद धाडायचा, तर ही बापाला किल्ल्यात कोंबती!"

"छबू कुठाय?"

छबू माझी बायकू. मंगळवारीच पिशवी भरून पुण्याला गेली.

"तिला ठिकाण म्हाईत हाय," मी म्हणलं. "मी यष्टीच्या दारापातूर मागं लागलो. सांगून जा म्हणलं. तर खिडकीतनं म्हणती कशी, 'दार उघडलं तर या. न्हाई उघडलं तर आमी काय मुहूर्त अडवून बसत न्हाई.' पंचवीस वर्सं संसार केला, आन चारचौघांत मला असं बोलली!"

"चारचौघांत," नाना म्हणालं.

"व्हय!"

"चारचौघांत बोललं की तुला लागतंय."

"कुणाला लागत न्हाई?"

"…दोन वर्सं झाली का रं, टॉवेल वढल्याला?"

माझं कान तापलं. ह्या म्हाताऱ्याला मी दुसरं सांगाय आलो, आन हे तिसरंच उकरून काढतंय.

झालं असं व्हतं. ह्याच मैदानात, त्या बाभळीखाली, मी भिवा लवट्याच्या हातात हात घातला व्हता. भिवा माझ्यासारखाच दलाल. टॉवेल वर, बोटं आत. सौदा उर्मीच्या लग्नाचा. भिवाच्या पुतण्याशी. महिना, तारीख, सगळं बोटांनी ठरलं. सहावा महिना, आठ तारीख. घरात सांगायचं ते ठरल्यावर सांगू म्हणलं. आमच्यात कोण काय आधी इचारतंय?

त्याच टायमाला उर्मी माझी भाकरी घेऊन आली. सुट्टीला आल्याली. भवतीनं पन्नास माणूस उभं. कुणाला काय कळलं न्हाई. हिनं माझ्या मनगटाकडं बघितलं, टॉवेल कसा हलतोय ते बघितलं. भिवाचा पुतण्या नवा शर्ट घालून बाजूला उभा व्हता, आन आमच्या दोघांत जनावर एकबी नव्हतं. सौदा कशाचा ते तिला कळलं.

तिनं म्होरं येऊन टॉवेल वढला.

बाजारात कुणी कुणाचा टॉवेल वढत न्हाई. धोतर वढलं तर एक वेळ चालंल. पन्नास माणसांत आमचं हात उघडं पडलं, बोटात बोटं अडकल्याली. कुणीतरी फिदकन हासलं. मी पोरीला म्हणलं, माझ्या दारात पाय ठिवू नको.

तिनं ठिवला न्हाई.

"चूक कुणाची व्हती?" मी नानांना म्हणलं. "सांगा की. गुरू हाईसा ना?"

"सातवा दरवाजा कसा हाय?"

"मी काय इचारतोय—"

"सातवा दरवाजा कसा हाय, म्हाद्या?"

ह्यांच्याम्होरं माझं काय चालत न्हाई. तीस वर्सात कधी चाललं न्हाई.

"टॉवेल हाय," मी म्हणलं.

"काय?"

"दारावर टॉवेल अडकवल्याला. हिरव्या काठाचा. माझ्या खांद्यावर हाय तसलाच. अक्षर न्हाई, आकडा न्हाई, चित्र न्हाई. निस्ता टॉवेल. मधनंच जरा हलतो. बाईंनी हात टेकलं. कंडक्टर म्हणतो, गेम अर्धवट बनवली आसंल."

"लिहायचं कुठं?"

"तेच की! बाकीच्या दारांवर खाली चौकट व्हती. उत्तर टाकायची. ह्याच्यावर चौकटच न्हाई. मी काचंवर बोटं आपटून आपटून बघितलं. एकदा थुंकी लावून बघितलं."

नाना हासलं. पोट धरून हासलं. डाक्टरनं हसायला मनाई केली न्हाई वाटतं.

"आजून काय व्हतंय तिथं?"

"काय न्हाई व्हत."

"आठव."

"म्हणलं ना, काय न्हाई! निस्ता मोबाईल बिघडला मधी. सातव्या दारापशी आलं की अंगात आल्यागत कापायचा. मी स्टँडवरच्या मोबाईलवाल्याकडं नेला. त्यानं ती थरथर बंद करून टाकली."

नानांचं हसू थांबलं.

"किती बारी कापायचा?"

"मोजतंय कोण!"

"दलाल हाईस तू."

"…व्हय."

"टॉवेलाखाली हात हाय. हात काय तरी सांगतोय. आन तू मोजलं न्हाईस?"

"हात कुठला, नाना? मोबाईल हाय त्यो!"

"थरथर चालू कर."

मला कुठं येतंय ते! पर मोबाईलवाल्यानं बोट कुठं कुठं फिरवलं ते मी बघितलं व्हतं. माझ्या म्होरं कुणी बोट हलवलं तर ते मी इसरत न्हाई. दोनदा चुकलं. एकदा बॅटरीच पेटली, ती दिवसाढवळ्या नानांच्या उघड्या डोळ्यावर मारली, त्यावर त्यांनी मला एक शिवी दिली. तिसऱ्यांदा जमलं. मी बाप्याला पाय आपटत सातव्या दारापशी नेलं.

मोबाईल कापाय लागला.

"दे हिकडं. टॉवेलबी दे."

नानांनी मोबाईल तळहातावर घेतला. वरनं माझा टॉवेल टाकला. डोळा मिटला.



"काय झालं?" मी म्हणलं.

"…"

"नाना, काय म्हणतोय त्यो?"

"गप."

एक कुत्रं कट्ट्याखाली येऊन बसलं. नानांचं व्हट हलत व्हतं, मोजत असल्यागत. मग त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला, आन दुसऱ्या हातानं माझा हात वढून टॉवेलाखाली घेतला.

मला वाटलं आता आकडा सांगत्यात.

त्यांनी माझी करंगळी धरली.

एकदा दाबली. लांबवून. सोडली.

दुसऱ्यांदा दाबली.

तिसऱ्यांदा.

माझ्या डोसक्याच्या आधी माझ्या हाताला कळलं.

ही खूण भावाची न्हाई. सौदा मोडला, दोघंबी तोंड फिरवून बसलं, आन त्यातल्या एकाला वाटलं की परत बोलावं, तर त्यानं दुसऱ्याची करंगळी धरायची. तीनदा लांबवून दाबायची, दुसऱ्या कुठल्या खुणंत असं दाबत न्हाईत. म्हंजे, फिरून बैस. जो धरतो त्यो एक पायरी खाली उतरला असं बाजार धरतो. म्हणून कुणी धरत न्हाई. मी तीस वर्सात कुणाची धरली न्हाई. आन दुसऱ्यानं धरली तर जबाब न देता उठायचं नसतं. जो उठला त्याच्या हातात परत कुणी हात देत न्हाई. हे नानांनी मला पयल्या दिवशी शिकवल्यालं.

मी आठ दिस झालं उठून फिरत व्हतो. न्हाव्याकडं, शाळंत, यष्टी स्टँडवर.

"हिला ही खूण कुणी सांगितली?" माझा आवाज चिरकला. राग आल्याला म्हणून. "मी शिकवली न्हाई."

"मी."

"तुमी? कवा?"

"तू दात बघत जनावरामागं फिरायचास. पोरगी माझ्यापशी सोडून जायचास. सात-आठ वर्सांची आसंल. दिवसभर बसून काय करंल? शिकली." नानांनी नाक वढलं. "तुला सहा महिनं लागलं व्हतं. तिला तीन बाजार."

"बाईमाणसाला शिकवली? बाजाराची बोली?"

"तू इचारायला आला न्हाईस. आमच्यात कोण काय आधी इचारतंय?"

त्या सौद्याच्या दिशी मी बाजारात म्हणल्याला बोल माझ्याच तोंडावर. आसला राग आला, की उठून चालाय लागावं. पर हात नानांच्या हातात व्हता. करंगळी आजून धरल्याली.

उठता येत न्हाई तसं.

"बरं," मी म्हणलं. "कळलं. फिरून बैस म्हणती. बसतो की. आता उत्तर काय टाकू? तीन टाकू?"

"कुठं टाकशील?"

"दारावर."

"चौकट हाय?"

"…न्हाई."

"मंग?"

"मंग उघडायचं कसं? तिनं दार केलंय तर त्याला उत्तर आसंलच की! आतनं कडी घातली आसंल तर भाईरनं मी काय टाळकं आपटू?"

नाना माझ्याकडं बघत राहिलं. एका डोळ्यानं. मी काय तरी शाणं बोललो असल्यागत बघत व्हतं. मी काय बोललो ते मलाच कळलं न्हाई.

"न्हाव्याकडं गेलास," नाना म्हणालं.

"व्हय."

"बाईंकडं परत परत गेलास. यष्टी थांबवलीस. मोबाईलवाल्याकडं गेलास. आज माझ्याकडं आलास, दोन कोस चालत."

"मंग काय करू? घरात बसू? सोमवारी पोरगी उभी राहणार आन मी हितं शेणात बसणार व्हय? बाप हाय मी तिचा! तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला मी नको? ते नवरदेवाच्या बाजूचं लोक काय म्हणतील, पोरीला बाप न्हाई?"

हे मी एवढ्या मोठ्यानं बोललो, की कुत्रं उठून गेलं.

नानांनी टॉवेल वढला.

असा झटक्यानं वढला, की मी दचकलो. माझा हात उघडा पडला. माझी काळी जाड बोटं, नानांची सुकल्याली बोटं, करंगळीत करंगळी. भर उन्हात. मी हात मागं घ्याय गेलो, त्यांनी सोडला न्हाई.

"नाना! टॉवेल—"

"बाजार कुठाय?"

मी मैदानाकडं बघितलं. शेण. चिपाडं. एक तुटकी दावण. बाभळीखाली सावली, तिथं कुणी न्हाई.

"उठला बाजार."

"कोण बघतंय?"

"कुणी न्हाई."

"मंग झाकतोस कुणापस्नं?"

…

माझी नजर फिरून त्या बाभळीखाली गेली.

मोबाईल नानांच्या मांडीवर परत कापाय लागला. एकदा. दोनदा. तीनदा. जरा थांबला, आन परत. सातव्या दारापशी आल्यापस्नं त्यो बिचारा असाच कापत व्हता, आन मी पैसं देऊन त्याचं तोंड बंद करून आणलं व्हतं.

नानांनी त्यो उचलला, माझ्या तळहातावर ठेवला, आन माझी बोटं एक एक करून वरनं मिटवली. करंगळी शेवटाला.

"पोरीचा नंबर हाय?"

"पाठ हाय," मी म्हणलं.

"हं."

"काय बोलू तिला पयलं?"

नानांनी टॉवेलाची घडी घातली, आन कट्ट्याच्या पार पलीकडं ठेवली. माझा हात पोचणार न्हाई अशी.

"तिनं उचलला न्हाई तर?"

"…"

"सांजच्याला लावतो, नाना. जरा डोस्कं थंड झालं की लावतो. घरी जाऊन हातपाय धुतो, निवांत बसतो, आन—"

"आत्ता," नाना म्हणालं. "माझ्या म्होरं. लाव."